शुक्रवारचा बर्फ

दर शुक्रवारी इमामसाहेबांचं प्रवचन रंगात आलं की मशिदीतला भोंगा गपकन बंद पडायचा. मग सगळे वळून माझ्याकडे बघायचे, कारण बेटावरची वीज मी सांभाळतो. माझं टाळकं सरकायचं.

पण दोष माझाच होता. डिझेलचा जनरेटर होता तेव्हा तेल वाचवायला मीच घरोघरी ओरडत फिरायचो, "नमाजाला निघताना सगळं बंद करा!" ते लोकांच्या अंगवळणी पडलं. आता छपराछपरावर सोलर पॅनेल आली. ऐन दुपारी ऊन रणरणतं आणि वीज वापरायला कोणीच नाही, म्हणून व्होल्टेज चढायचं आणि सगळी यंत्रणा स्वतःला वाचवायला बंद व्हायची.

शेवटी गुरुवारी मी बर्फ विकणाऱ्या दाएंग बोल्लो बाईंकडे गेलो; 'दाएंग' आम्ही मानाने म्हणतो. "उद्या नमाजाच्या वेळी तुमची बर्फाची यंत्रं चालू ठेवा. सगळी."

"दहा वर्षं 'बंद करा, बंद करा' म्हणून डोकं खाल्लंस माझं! आणि आता चालू ठेवू?"

"चुकलो, दाएंग."

"हे आधी बोलायचं," म्हणत त्या कामाला लागल्या.

शुक्रवारी मशिदीच्या दारातल्या व्होल्टेजच्या मीटरवर माझा डोळा होता. काटा जरा थरथरला आणि जागेवर बसला. भोंगा एकदाही थांबला नाही. इमामसाहेबही थांबले नाहीत. आम्हाला बाहेर पडायला दोन वाजले.

समोर दाएंग बोल्लो शहाळ्याच्या पाण्यात बर्फ घालून उभ्या होत्या. पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "व्होल्टेज आवरलंस. आता इमामांना आवर."