दाढीतली बचत

दाढीत पैसे वाचवायचं नविनने ठरवलं, ते २०१६ चा पावसाळा संपता संपता. उंबरगावच्या बाजूला प्लास्टिकचे डबे करणारा एक कारखाना होता, तिथे तो आठ वर्षं मशीनवर होता. त्या वर्षी त्याला स्टोअर सांभाळायला दिलं. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, आणि साहेबांनी सांगितलं की बाहेरची माणसं येतात, रोज दाढी करून येत जा.

तोवर नविन आठवड्यातून एकदा तलासरीच्या बाजारात न्हाव्यापुढे बसायचा. आता रोज करायची म्हणून त्याने तीन पात्यांचं रेझर आणि फेसाचा डबा आणला. त्या रेझरची बदलायची चार डोकी साडेचारशेला पडायची, आणि त्याच्या राठ केसांपुढे एक डोकं जेमतेम आठवडा टिकायचं.

कारखान्याचा हिशेब बघणारे नटुभाई संजाणचे, साठीच्या घरातले. त्यांचे गाल कायम गुळगुळीत. एकदा चहाच्या वेळी नविनच्या हनुवटीवरचं कापलेलं बघून ते म्हणाले, "तू डोकी विकत घेतो, मी पातं घेतो. दोन रुपयाचं एक पातं, त्यात चार दाढी होते. साबणाची वडी चाळीसची, पाच महिने जाते. माझ्या बापाचं रेझर आहे, अजून चालते."

नविनने एका जुन्या पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. वर्षाला पाच हजार वाचत होते. झरीला घरी आल्यावर त्याने तो कागद बायकोपुढे ठेवला. योगिता पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका होती. पोरांची वजनं आणि पोषण आहाराचे तक्ते भरून आकड्यांना ती सरावलेली. तिने कागद दोनदा वाचला.

"खरंच वाचले तर न्हाणीला भिंती घालू," ती म्हणाली. न्हाणीला तेव्हा तीन बाजूंनी ताडपत्री होती.

नविनने साधं एकपाती रेझर, ब्रश आणि साबणाची वडी आणली. पहिल्या दिवशी तो तीन ठिकाणी कापला. दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी. तुरटी लावली की डोळ्यांत पाणी यायचं. पण आठवड्याभरात हात हलका झाला, आणि मग एक वेगळीच गोष्ट घडू लागली.

घरामागे फणसाच्या खोडाला खिळा मारून त्याने आरसा टांगला होता. पहाट सरता सरता तो तिथे उभा राहायचा. समोर भाताची कापलेली शेतं, त्यांवर गुडघाभर धुकं. चुलीवरचं कोमट पाणी वाटीत घेऊन तो ब्रश भिजवायचा, साबणावर गोल गोल फिरवायचा. आधी मोठे बुडबुडे यायचे, मग ते बारीक होत जायचे, आणि शेवटी दुधाच्या सायीसारखा घट्ट, पांढरा फेस ब्रशला धरून राहायचा. तो गालाला लावला की आरशातला नविन हळूहळू पुसला जायचा. नाक आणि डोळे तेवढे उरायचे. त्या फेसाच्या आत ऊब होती. स्टोअरमधल्या न जुळणाऱ्या गोण्या, उधारीवर आणलेलं खत, पावसात गळणारं छप्पर, सगळं धुक्यापलीकडे जायचं. मग पातं गालावरून उतरायचं, बारीक कर्र आवाज व्हायचा, आणि फेसाखालून एक नवा, ओलसर पट्टा वर यायचा. कधी कधी त्याला वाटायचं, आपण लहान आहोत आणि कुणीतरी आपलं तोंड धुऊन देतंय. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. असं कुणी धुतल्याचं त्याला आठवत नव्हतं, पण वाटायचं खरं.

पाच मिनिटांच्या दाढीला वीस मिनिटं लागू लागली, मग अर्धा तास.

मोबाइलवर त्याला अशीच दाढी करणारी माणसं सापडली. पुण्याची, मुंबईची, एक तर सिलिगुडीचा. त्यांचा एक ग्रुप होता. सकाळी सकाळी प्रत्येक जण आपापल्या साबणाचा, रेझरचा फोटो टाकायचा. कुणी लिहायचं, आज खस. कुणी लिहायचं, आज चंदन, बाहेर पाऊस. नविनला ते वाचताना त्या अनोळखी घरांतले वास यायचे. त्याने खसाचा साबण मागवला. मग चंदनाचा. डहाणूला स्टेशनजवळच्या एका भंगारवाल्याकडे, वाडीवरच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातून आलेल्या सामानात, दांडा पिळला की दोन पाकळ्या उघडणारं रेझर मिळालं. पितळेचं होतं. त्याने ते चिंचेने घासलं आणि उन्हात धरलं. मग चांगल्या केसांचा ब्रश. मग दुसऱ्या धाटणीचं रेझर. पार्सलं तलासरी नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात यायची. तिथून तो ती डब्याच्या पिशवीत घालून आणायचा आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवायचा.

योगिताला कळत होतं. पेटी उघडली की तिच्या लुगड्यांना खसाचा वास यायचा.

दोन वर्षं ती काही बोलली नाही. २०१८ च्या दिवाळीआधी घर सारवताना तिने पेटी बाहेर काढली आणि सगळं ओट्यावर मांडलं. सात साबण, चार रेझर, तीन ब्रश, पात्यांची खोकी. नविन कामावरून आला तेव्हा ती शेजारीच शेंगा सोलत बसली होती.

"हे वाचलेले पैसे आहेत का?" तिने विचारलं. आवाज शांत होता.

नविन खाली बसला. "पाती तर दोन रुपयांचीच आहेत," तो म्हणाला.

"पात्यांचं नाही विचारत."

त्याने मोबाइल काढला आणि एकेक पार्सल शोधून आकडे तिला सांगितले. खोटं बोलला नाही. तो सांगेल तसं ती शेंगांच्या टरफलाने जमिनीवर लिहीत गेली. एकोणीस हजार झाले. मग तिने विचारलं, ते महागडं तीन पात्यांचं रेझर दोन वर्षं वापरलं असतं तर किती झाले असते. बारा.

"म्हणजे वाचवलं नसतंस तर सात हजार शिल्लक असते," योगिता म्हणाली.

नविनला हसू आलं, पण तो हसला नाही. तिच्यामागे न्हाणीची ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती.

"मला बरं वाटतं तेव्हा," तो म्हणाला. "सकाळी तेवढा वेळ मी कुणाचा नसतो. कसं सांगू."

"मग असंच सांगायचं. बचत कशाला म्हणायचं?" ती शेंगा उचलून आत गेली. दारातून म्हणाली, "मला वाटलं, माझ्यापासून लपवण्यासारखं काही आहे."

हे त्याला एकोणीस हजारांपेक्षा जास्त लागलं. त्याने ग्रुप सोडला. साबण आतल्या फळीवर उघड्यावर मांडले, आता लपवायचं काही नव्हतं, आणि नवीन काही आणायचं नाही असं ठरवलं. दाढी तो करत राहिला, पण पाच मिनिटांत.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा, कुणीतरी खाली दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखा. मग भांडी किणकिणायची, आणि सगळं थांबायचं. एकदा झालं, चार दिवसांनी पुन्हा झालं, मग एकाच दिवसात तीनदा. डहाणू-तलासरीच्या गावागावांत लोक घराबाहेर आले. तालुक्याहून तंबू आले. योगिताची अंगणवाडी आंब्याखाली भरू लागली. एका दुपारी जोराचा धक्का बसला तेव्हा नविनच्या घराची एक भिंत तडकली आणि फळी खाली आली. बरण्या फुटल्या, वड्या मातीत गेल्या, त्यांवर हंडा लवंडला. घर भरून फेस झाला. उघड्या दारातून खस आणि चंदन बाहेर अंगणात आलं, आणि बाहेर उभी असलेली माणसं भिंतीकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघू लागली, की लग्न कुणाच्या घरी आहे.

त्यातून दोन साबण वाचले. रेझरांना काही झालं नाही.

जानेवारीच्या थंडीत तंबूत राहून म्हातारी माणसं खचली. सुक्या म्हणून पाड्यावरचा सगळ्यांत थोरला माणूस होता. त्याची काळी नावाची बायको चार दिवस खोकली आणि पाचव्या दिवशी सकाळी उठली नाही. त्यांचा एकच मुलगा बाबल्या. तो वेवजीला मजुरीवर होता, तो धावत आला. दिवसांच्या कार्याला घरातल्या आणि भावकीतल्या पुरुषांनी दाढी करायची रीत होती. पण बाजारातला न्हावी धक्क्यांना भिऊन आपल्या मुलुखाला निघून गेला होता. सायवनला एक होता, तोही येईना.

कार्याच्या दिवशी सकाळी बाबल्या नविनच्या तंबूपाशी आला. "तुझ्याकडे सामान आहे म्हणतात," तो म्हणाला. "बाबाची तरी करून दे. त्यांचा हात थरथरतो."

नविनने योगिताकडे पाहिलं. ती पाणी तापवायला गेली.

अकरा माणसं होती. नविनने आरसा लावला नाही, दुसऱ्याच्या दाढीला आरसा लागत नाही. सुक्याला त्याने फणसाखाली बाजेवर बसवलं, खांद्यावर पंचा टाकला. म्हाताऱ्याच्या गालांत खड्डे पडले होते. नविनने गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून त्याच्या तोंडावर ठेवलं. सुक्याचा सगळा देह एकदम सैल झाला. धुकं अजून विरलं नव्हतं. तंबू त्यात तरंगल्यासारखे दिसत होते, आणि त्यांच्यामधून फिरणारी माणसं कमरेपासून वर तेवढी होती.

फेस लावला. सुक्याने डोळे मिटले.

गाल झाला. दुसरा गाल झाला. नविनने नवं पातं घातलं आणि म्हाताऱ्याची हनुवटी बोटाने वर उचलली. पातं गळ्यावर टेकणार, तोच त्याला पायांच्या तळव्यांत ते कळलं. आवाज यायच्या आधी. त्याने हात वर घेतला. मग आवाज आला, फणसाची पानं खुळखुळली, वाटीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. माणसं उभी राहिली. सुक्या तसाच मान मागे टाकून बसला होता, आणि नविनचा एक हात त्याच्या कपाळावर होता. तो त्याने काढला नाही. किती वेळ गेला कळलं नाही. वाटीतलं पाणी थांबलं.

"गेला?" सुक्याने डोळे न उघडता विचारलं.

"गेला, बाबा."

"मग कर."

नविनने गळा साफ केला, तुरटी फिरवली, कोरड्या फडक्याने तोंड पुसलं. म्हाताऱ्याने आपल्याच गालावरून हात फिरवला. "काळी असती तर ओळखलं नसतं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. बाबल्या पुढे येऊन त्याच्या शेजारी बाजेवर बसला.

उरलेले दहा जण एकामागून एक बसले. प्रत्येकाला नवं पातं. उन्हं वर येईपर्यंत नविनची कंबर धरली होती आणि आधीच झिजलेला एक साबण संपला होता. कुणी पैशाचं विचारलं नाही, त्यानेही तो विषय काढला नाही.

त्यानंतर रविवारी माणसं येऊ लागली. आधी दोन-चार, मग जास्त. तंबूतल्या दिवसांत कुणाला करायला काही नव्हतं, भीतीही होती. ओळीत बसून आपली पाळी येण्याची वाट बघणं हेच एक काम झालं. फेसाखाली गेलेली माणसं बोलायची नाहीत. नविनच्या लक्षात आलं की सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी मिटतात, ब्रश दुसऱ्या गालावर गेला की.

मार्चच्या सुमारास साबण संपत आला. योगितानेच विषय काढला.

"महिन्याला दीडशे," ती म्हणाली. "त्यात काय बसेल ते आण. पेटीत नाही ठेवायचं."

"पण त्यात वाचणार काही नाही," नविन म्हणाला.

"माहीत आहे मला."

त्याने साधी चाळीसची वडी आणली. त्या वर्षी उन्हाळ्यात धक्के कमी झाले. एकेक घर पुन्हा उघडलं, लोकांनी भिंतींच्या भेगा मातीने बुजवल्या. कापडी घरांची सवय झालेली माणसं आत जाताना दारात घुटमळत. सायवनचा न्हावीही बाजारात दुकान मांडू लागला, आणि रविवारची ओळ संपली. सुक्या तेवढा येत राहिला. रविवारीच यायचा असं नाही, मनात येईल तेव्हा यायचा.

जूनमधल्या एका सोमवारी नविन कामावर निघत असताना सुक्या आला आणि न विचारता बाजेवर बसला. नविनने पिशवी खाली ठेवली, पाणी घेतलं, फेस केला. दुसऱ्या गालावर ब्रश गेला आणि म्हातारा झोपला. खरोखरच झोपला. श्वास संथ झाला, ओठ किंचित उघडे पडले. फणस पिकले होते, त्यांचा गोड वास खाली उतरत होता. झोपलेल्या माणसाच्या गळ्याला पातं लावायला नविनला धीर होईना, आणि उठवावंसंही वाटेना. तो शेजारी जमिनीवर बसला. फेस हळूहळू सुकून चुन्यासारखा झाला.

त्याची बस गेली. अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता. योगिता अंगणवाडीला निघताना दारात थांबली, दोघांकडे पाहिलं, आणि आवाज होऊ नये म्हणून हातात चपला घेऊन अंगणातून अनवाणीच गेली.