खडखडाटातला धडा

मित्रांनो, वारा कमी आणि आवाज जास्त, असा मी एक जुना टेबलफॅन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला चकचकीत होतो. या घरात धाकटीचा जन्म झाला आणि तिच्या पाळण्याशेजारी मला जागा मिळाली. पुढे ती माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽ" करायची आणि स्वतःचा थरथरता आवाज ऐकून खुदखुदून हसायची.

मग छताला पंखे लागले. तेलावाचून माझे सांधे कोरडे पडले, मी खडखडू लागलो आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. "भंगारवाला आला की देऊन टाकू," आई म्हणायची. मला फार वाईट वाटायचं.

यंदा धाकटीला शहरातल्या मोठ्या हायस्कूलमध्ये नोकरी लागली. शाळा भर रस्त्यावर, वर्ग मुलांनी खच्चून भरलेले, आणि हिचा आवाज असा की दुकानदारसुद्धा दोनदा विचारतो. मुलाखतीच्या पाठाला मागची मुलं हसली होती. "मला नाही जमणार, बाबा," म्हणून ती रडलीच.

बाबांनी मला खाली काढलं, पुसलं आणि तिच्यासमोर पूर्ण वेगात सोडलं. "आता याच्या खडखडाटातूनही ऐकू येईल असं बोल. याची मान वळेल तिकडे बघ, जमिनीकडे नको." स्वयंपाकघरात भाजी चिरणारी आई झाली मागचा बाक. सरावाला घेतलेला धडा नेमका समुद्रावरून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्यांचा होता.

"बाई, मागं काही पोचत नाही," आई म्हणायची. धाकटी ओरडायची, घसा बसायचा. मग तिनं ओरडणं सोडलं. दमानं, एकेक शब्द सुटा करून ती बोलू लागली. एका संध्याकाळी आईची सुरी थांबली. "बाई, मग रात्री वारा उलटा का वाहतो?"

शाळेच्या पहिल्या दिवशी ती घरी आली ती थेट माझ्यासमोर बसली. "आई, शेवटच्या बाकावरच्या मुलीनं तुझाच प्रश्न विचारला." तिनं माझ्या जाळीवर हात ठेवला. ज्यांनी मला माळ्यावरून काढलं, त्यांचे उपकार मी कसे फेडू?

बाबा तेलाची बाटली घेऊन आले. "थांबा ना, बाबा," ती म्हणाली, "उद्या दहावीचा वर्ग आहे."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी कुरकुरत असेल. त्याला भंगारात काढू नका, दोन थेंब तेल द्या. माझ्या तेलाची मात्र घाई नाही. आज संध्याकाळी मला खडखडायचं आहे.