मंजूर झालेली रजा

आमच्या कारखान्यात रजा मागणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. सुमंगला माझ्या शेजारच्याच टेबलावर औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरते. तिच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं, तर मॅनेजर देवेश साहेबांनी तिला अक्षता टाकण्यापुरता अर्धा दिवस दिला आणि वर विचारलं, "जेवायला थांबायलाच हवं का?" या माणसाच्या भरवशावर मी होते. मला रजा नको होती. पण मागणं भाग होतं, आणि साहेब ती नाकारणार याची मला खात्री होती. इतक्या मनापासून मी आयुष्यात कोणावर विसंबले नसेन.

माझा धाकटा भाऊ रुद्रेश गोव्याच्या किनाऱ्यावर, हरमलला, आईसोबत राहतो. लग्न केलं नाही. पर्यटकांना खोल्या आणि स्कूटर भाड्यानं देतो. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर दोन-तीन दिवसांनी डायलिसिसला जायचं, परतताना गाडीत ओकायचं आणि घरी पोचल्यावर पाहुण्यांना हसून टॉवेल द्यायचा, असं त्याचं चाललं होतं. आईचं वय झालेलं, त्यात रक्तदाब. तपासणीत माझी किडनी जुळली. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आई तिथल्या तिथं माझ्या पाया पडायला वाकली. आई! मी तिला धरून उठवलं, आणि त्या धांदलीत मी हो म्हणाले असं सगळ्यांनी धरून चाललं.

मी हो म्हणाले नव्हते. मला भीती वाटत होती. त्यामागे मोठं काही तत्त्व वगैरे नाही, नुसती भीती. माझ्या मुलीच्या, तनयाच्या जन्माच्या वेळी माझं रक्त थांबेना, तेव्हा "ही जातेय" असं कोणीतरी माझ्या डोक्याशी म्हणालेलं मी ऐकलं होतं. तनया आता बारावीला आहे, तरी इस्पितळाचा वास आला की माझे तळवे गार पडतात. रुद्रेशवर माझा जीव आहे हे खरं, आणि मला माझाही जीव प्यारा आहे हेही खरं. हे सांगायचं कोणाला?

नवऱ्याला सांगून पाहावं म्हटलं. शिवदास आधी खनिजाचा ट्रक चालवायचा, खाणी बंद झाल्यापासून शाळेची बस चालवतो. कमी बोलतो आणि जे बोलतो ते नेमकं चुकीच्या वेळी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुजो भाव तो. मी आड येवचंय नाय." आड आला असता तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते आणि मनातून जन्मभर त्याचे उपकार मानले असते.

रजेचा अर्ज मी आमच्या कारापूरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लिहीत बसले होते. समोर सासरे, बाबली मास्तर. मराठी शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवण्यातून नाही. घरात कोणी शिंकलं तरी त्या शब्दाचं मूळ सांगतील.

"रजेचा अर्ज का? शब्द अरबी बरं. रजा म्हणजे मुळात सुटी नव्हेच. रजा म्हणजे संमती, मर्जी. राजी, राजीखुशी, नाराज, सगळी एकाच घरची माणसं. तू अर्ज करतेस म्हणजे साहेबाला विचारतेस, मी गेले तर तुम्ही राजी आहात ना? सुटीचं वेगळं. ती सुटण्यातून आली, गुराचं दावं सुटावं तशी. आमचे आबा पोर्तुगिजांच्या वेळी फेरियाद म्हणायचे, म्हणजे सणाचा दिवस."

"आणि खाडा?"

"खाडा म्हणजे खंड. न विचारता पडतो तो."

"पण बाबा, जो जातोय तो जायला राजी आहे का, हे कोण विचारतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते कशाला विचारायचं? अर्ज करतो म्हणजे राजीच असणार."

एवढी अरबी-फारशी पालथी घातलेला माणूस, आणि समोर बसलेल्या सुनेचं तोंड त्याला वाचता आलं नाही. मला असा संताप आला! आत जाऊन मी नळ मोठा सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवेश साहेबांनी अर्ज वाचला आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. परदेशी पाठवायच्या मालाची घाई चालली होती, माणसं कमी होती, नाही म्हणायला हजार कारणं होती. साहेबांचे डोळे भरले. "विनिताबाई, अशी बहीण आजच्या काळात मिळते कुठे?" रजा मंजूर, तीही भरपगारी, हवी तेवढी. जेवणाच्या सुटीत बायकांनी मला शाल घातली. सुमंगला गळ्यात पडून रडली, आणि मीही रडले. साहेबांनी नेमका त्याच दिवशी माणूस व्हायचा मुहूर्त काढला होता.

आता आशा उरली होती ती देवीची. आमच्या माहेरच्या गावात मोठं काम देवीला विचारल्याशिवाय करत नाहीत. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. देवीनं नाही म्हटलं तर आईही हूं की चूं करणार नव्हती.

मग एका सकाळी सगळे देवळात जमलो. धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या, वारा लागू नये म्हणून पंखा बंद केला आणि हात जोडले. "गे माये, ह्या रुद्रेशाक भैणीची किडनी लावची आसा. तुजी मर्जी आसा तर उजवो कौल दी, नाय तर डावो दी, पण लेकरांक ताटकळत ठेव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पाकळी पडेना. उजवीही नाही आणि डावीही नाही. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला. मी डाव्या पाकळीकडे टक लावून मनातल्या मनात म्हणत होते, पाड गं, पाड, तुझी ओटी भरीन. शेजारी आई पुटपुटत होती. ती उजवीसाठी, मी डावीसाठी, आणि दोघींचे हात सारखेच जोडलेले.

धाकूनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. मग वळून म्हणाला, "कोणाचा तरी मन राजी नाय. तां मोकळा झाल्याबिगर पाकळी पडाची नाय."

सगळ्यांनी शिवदासकडे पाहिलं. जावई तो, परका. आई म्हणाली, "जावयबापू, मनात काय आसात तर हंयच सांगा." शिवदास कानापर्यंत लाल झाला. पुढं होऊन त्यानं उंबऱ्यावर हात ठेवला. "माज्या मनात काय एक नाय. देवीची आण." मग मास्तरांनी, आपण एकदा दुसरा कोणी दाता मिळेल का असं विचारलं होतं म्हणून, कान पकडले. आईनं स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतल्या. रुद्रेश हळूच म्हणाला, "तायक काय झाला तर, ताची माका भीती दिसता," तर आईनं त्याला गप्प केलं.

माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मी देणारी. देणारीचं मन अडलं असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, अरे, मी आहे ती, मीच! मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात पाकळी पडली. उजवी. आईनं हंबरडा फोडला आणि मला छातीशी धरलं. शिवदासनं सुटकेचा श्वास टाकला, नारळ फुटला, आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

पुढच्या आठवड्यात इस्पितळात बोलावलं. ऑपरेशनच्या आधी दात्याशी एकांतात बोलायची पद्धत असते. पल्लवी नावाची तरुण डॉक्टर होती, तनयाची मोठी बहीण शोभेल अशी. तिनं दार लावलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः राजी आहात?"

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"नसाल तर सांगा. आम्ही बाहेर एवढंच सांगू की शेवटच्या तपासण्यांत तुम्हाला दाता म्हणून घेता येत नाही असं ठरलं. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही."

इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. मला हुंदका आवरेना. "नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते हो. फार भीती वाटते." तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

बाहेर येऊन तिनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. आई बाकावर बसली ती एकच म्हणत राहिली, "देवीन उजवो दिल्लो मगे? उजवो दिल्लो मगे?" शिवदास पाणी आणायला धावला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की स्वतःची शिसारी आली.

रुद्रेश माझ्याजवळ आला. त्याचे पाय सुजले होते, चपला अर्ध्याच घातलेल्या. "रडा नको गो ताय. तुजो काय दोष? बरां झाला. तुका काय झाला असता तर तनयाक मी खंयचा तोंड दाखवतलंय?"

मी आणखी रडायला लागले. त्यानं आपला रुमाल माझ्या हातात दिला. मग खोलीचं आरक्षण बदलून द्यावं तशा आवाजात म्हणाला, "एक काम कर. साहेबाक फोन कर आनि ती रजा रद्द कर."

"कित्याक?"

"राखून ठेव. मी गेल्यार बारा दिस आयेकडे रवचा लागतला तुका. तिका दुसरा कोण आसा?"

मी तिथंच उभं राहून साहेबांना फोन लावला. घंटा वाजत होती, आणि रुद्रेश माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.