अंगण खरेच वाकडे होते

मी एक जुनी लाकडी जमीन आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्याबरोबर चेहरे पाडू नका. मला कीव आवडत नाही. ज्या सभागृहात बास्केटबॉलचा एक नावाजलेला संघ खेळतो, तिथे मी एकतीस वर्षे अंथरलेली आहे. या काळात छत दोनदा बदलले, खुर्च्या तीनदा बदलल्या, आणि प्रशिक्षक किती बदलले ते मोजणे मी सोडून दिले. मी मात्र जागची हलले नाही. घरात एक तरी माणूस असा असावा लागतो.

माझा जन्म एका लाकडाच्या वखारीत झाला. फिकट रंगाचे, टणक लाकूड निवडून त्याच्या चार-चार बोटे रुंदीच्या फळ्या कापल्या गेल्या. त्या महिनोन्महिने सावलीत वाळवल्या. मग खाली आडवे वासे, वाशांखाली रबराच्या गाद्या, आणि वर एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवत मला जोडले. वरून कडक आणि आतून मऊ, असा माझा स्वभाव तेव्हाच ठरला. खेळाडू उडी मारून खाली येतो तेव्हा मी केसभर दबते आणि लगेच सावरते. त्याच्या गुडघ्यांचे निम्मे दुखणे मी माझ्या अंगावर घेते. हे उपकार कोणाला दिसत नाहीत आणि मीही ते कधी बोलून दाखवत नाही. आज विषय निघाला म्हणून सांगितले.

माणसाची पारख मी पायांवरून करते. चेहरा खोटे बोलू शकतो, पाऊल बोलत नाही. घाबरलेला माणूस टाचांवर उभा राहतो, गर्विष्ठ माणूस पाय आपटतो, आणि ज्याला खेळ कळतो तो माझ्यावर असा चालतो की जणू माझी झोपमोड होऊ नये. अशा पावलांचा माणूस एकच होता. संघाचा मुख्य सेंटर, म्हणजे बास्केटच्या कडीखाली उभा राहून उंचावरचे चेंडू सांभाळणारा सर्वांत मोठा खेळाडू. त्याला सगळे दादा म्हणत. तेरा हंगाम तो माझ्यावर खेळला. अलीकडे त्याचा उजवा गुडघा कुरकुरू लागला होता, म्हणून संघाने यंदा एक राखीव सेंटर आणला.

तो एकोणीस वर्षांचा होता आणि दारातून येताना त्याला मान वाकवावी लागली. पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'शिडी' पडले. त्याच्याशी झालेला करार कच्चा होता. हंगामापूर्वीच्या सरावाचे तीन आठवडे आणि तीन सराव सामने, एवढ्यात प्रशिक्षकांनी त्याला पारखायचे, आणि शेवटच्या शनिवारी ठेवायचे की परत पाठवायचे ते ठरवायचे. दोन संघांनी त्याला आधीच परत पाठवले होते. तिसऱ्यानेही पाठवले असते तर चौथा कोणी बोलावणार नव्हता. हे तो कोणाला सांगत नसे, पण त्याच्या पायांत ते होते. तो माझ्यावर पाहुण्यासारखा चालत असे.

प्रशिक्षकांकडे एक निळी वही होती. चष्मा नाकावर ओढून ते प्रत्येकाविषयी दोन-तीन शब्द लिहीत. जास्त लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. पहिल्या सकाळी त्यांनी शिडीला साधे काम दिले. कडीच्या डाव्या बाजूला चेंडू घ्यायचा, एक टप्पा मारायचा, वळायचे आणि चेंडू कडीत टाकायचा. त्याने टप्पा मारला. चेंडू जिथे यायला हवा होता तिथे त्याचा हात गेला, पण चेंडू आलाच नाही. तो घोट्याएवढा उठला आणि घरंगळत बाकाखाली गेला.

"शिडीला हात बसवायचे राहिले वाटतं!" एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच. प्रशिक्षकांनी वही उघडली आणि लिहिले, 'हात कच्चे. पाय जड.' माझेही मत वेगळे नव्हते. एवढा उंच मुलगा आणि साधा चेंडू धरता येत नाही, हे मला पटले नाही. मी त्याला धसमुसळ्यांच्या यादीत टाकले. ती यादी मोठी आहे.

चौथ्या दिवशी तो सर्वांच्या आधी आला. तेव्हा सभागृहात फक्त मावशी होत्या. त्या मला रोज दोन वेळा पुसतात, आणि त्यांच्याइतके मला दुसरे कोणी ओळखत नाही. शिडी डाव्या बाजूला गुडघे टेकून बसला आणि बोटांच्या पेरांनी माझी एकेक फळी ठोकू लागला.

"काय रे, काही हरवलं का?" मावशींनी विचारले.

"नाही मावशी. आवाज ऐकतोय."

"माझ्या गुडघ्यांचा असेल. मघापासून तेच वाजतायत."

तो हसला, पण ठोकणे थांबवले नाही. ठण, ठण, ठण, आणि मग ठप्प. त्याने तीच फळी पुन्हा ठोकली. पुन्हा ठप्प.

"माझी आई सुतारकाम करते," तो म्हणाला. "दारं, खिडक्या बनवते. ती म्हणते, लाकडाला विचारायचं असेल तर ठोकून विचारावं. ही फळी मुकी आहे मावशी. खाली काहीतरी बसलंय."

"तरीच!" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "बाकी सगळं पुसलं की वाळतं, हा तुकडा मेला दुपारपर्यंत ओलाच. मला वाटायचं पोछाच खराब."

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे मला ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या भिंतीतला एक नळ आतल्या आत झिरपू लागला, आणि त्या कोपऱ्यातला माझा एक वासा हळूहळू कुजला. वय झाले की एखादा सांधा बधिर होतो आणि आपण चारचौघांत तो झाकून बसतो. मीही तेच केले. संघातल्या जुन्या खेळाडूंचे पाय आपोआप ती जागा टाळू लागले होते. घरातल्या सैल पायरीवर घरचे लोक पाय देत नाहीत आणि पुढे पायरी सैल आहे हेही विसरतात. पडतो तो पाहुणाच.

दादा मात्र विसरला नव्हता. बाहेरच्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन आला की दादा त्याला अंगाने रेटत रेटत त्याच फळीकडे नेई. चेंडू तिथे मरून पडला की दादा तो झडप घालून उचली, आणि प्रेक्षक त्याच्या हातांचे गुण गात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही.

त्या दिवशी सराव सुरू होण्यापूर्वी शिडी प्रशिक्षकांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, डाव्या बाजूला जमीन खराब आहे. टप्पा मारला की चेंडू उठत नाही."

प्रशिक्षकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "नाचता येईना, अंगण वाकडे," ते म्हणाले.

सभागृह हसले. दादाही हसला, पण सर्वांपेक्षा क्षणभर उशिरा. बाकीच्यांना ते कळले नसेल. मला कळले, कारण तो माझ्यावर उभा होता आणि त्याने आपला भार या पायावरून त्या पायावर नेला. आणि मी? मला ती म्हण गोड लागली. एकतीस वर्षांत मला वाकडी म्हणण्याची कोणाची छाती झाली नव्हती. परस्पर कोणी माझी बाजू घेतली याचे समाधान वाटले, आणि त्या समाधानात एका मुलाची जागा जात होती याकडे मी काणाडोळा केला.

वहीत नवा शब्द पडला. 'कारणे सांगतो.'

पहिल्या सराव सामन्यात शिडी नऊ मिनिटे खेळला. त्याने डावी बाजू पूर्ण टाळली, तेव्हा प्रशिक्षकांनी लिहिले, 'डावीकडे जायला घाबरतो.' दुसऱ्या सामन्यात त्यांनी बाजूने ओरडून त्याला डावीकडे पाठवले. तो गेला, चेंडू मेला, प्रतिस्पर्ध्याने तो उचलला आणि दोन गुण घेतले. इकडे आड तिकडे विहीर. तो बाकावर येऊन बसला आणि टॉवेल डोक्यावर घेतला. मग मात्र त्याने काही कारण सांगितले नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी दादा पायाला पट्टी बांधत होता तेव्हा त्याची नजर डाव्या बाजूला गेली. त्या फळीच्या कडेवर पांढरी चिकटपट्टी नीट दाबून लावलेली होती.

"मावशी, हे कोणी लावलं?"

"तुमच्या शिडीनं. रोज लावतो, रोज निघते, परत लावतो. फळीची कड वर आलीय म्हणाला. तुम्ही उडी मारून तिथंच उतरता ना, तर म्हणाला, दादांचा गुडघा आधीच दुखतोय, त्यात पाय अडकला तर संपलंच."

"असं म्हणाला?"

"म्हणाला. मी म्हटलं, अरे, दादा बसले तर तुझाच नंबर लागेल की! तर म्हणतो, मावशी, असा नको."

दादा बराच वेळ पट्टी बांधत राहिला. एवढी पट्टी त्या गुडघ्याला लागत नाही.

सराव संपल्यावर प्रशिक्षक वही उघडून त्याच्याजवळ आले. "तुझं मत सांग. तुझाच राखीव आहे. मला तर पाठवावा असं वाटतंय."

दादाने बाकाखालचा चेंडू काढला आणि त्यांच्या हातात दिला. "सर, जरा इकडे या. इथे एक टप्पा मारा."

"मी?"

"तुम्हीच."

प्रशिक्षकांनी टप्पा मारला. ठप्प. त्यांचा हात हवेत राहिला. त्यांनी चेंडू उचलून पुन्हा मारला. ठप्प. मग दोन पावले बाजूला जाऊन मारला. ठण. पुन्हा त्या जागी आले. ठप्प.

"हे कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"आणि तू बोलला नाहीस?"

"माझं बरं चाललं होतं, सर," दादा म्हणाला.

सभागृहात कोणी हसले नाही. प्रशिक्षक दादावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला, आणि तो स्वच्छच होता. मग त्यांनी शिडीला बोलावले, त्याच्यासमोर वही उघडली आणि तीन शेरे आडवी रेघ मारून खोडले. 'पाय जड' तेवढा ठेवला.

"पाय जड आहेत ते आहेतच. त्याला जमीन जबाबदार नाही."

"नाही सर."

"उद्यापासून रोज दोरीवरच्या उड्या. शनिवारी बघू."

दुसऱ्या दिवशी सुतार आले. त्यांनी मला त्या कोपऱ्यात उघडले. एकतीस वर्षांनी आतला काळोख उजेडात आला, आणि कुजलेला वासा हाताने सोलून निघाला. एक सुतार म्हणाला, "आणखी महिनाभर राहिलं असतं तर एखादा पाय आरपार गेला असता." मी ऐकून घेतले. ऐकून घेण्याची सवय मला नव्हती. नळ बदलला, वासा बदलला, सात फळ्या नव्या बसल्या. त्या माझ्यापेक्षा फारच फिकट दिसतात. घरात नवी सून आल्यासारख्या त्या सुरुवातीला जरा जास्तच ताठ होत्या. आता रुळल्या आहेत.

शनिवारी तिसरा सामना झाला. शिडी चौदा मिनिटे खेळला. त्याने सहा गुण केले, कडीवरून उसळलेले पाच चेंडू पकडले आणि चार वेळा नियम मोडला. मी वाढवून सांगणार नाही. तो मुलगा काही चमत्कार नव्हे. शेवटच्या मिनिटांत त्याला डाव्या बाजूला चेंडू मिळाला. त्याने क्षणभर खाली पाहिले आणि टप्पा मारला. ठण. हात जिथे होता तिथे चेंडू आला. तो वळला आणि त्याने चेंडू टाकला. चेंडू कडीवर आपटून बाहेर गेला.

बाकावर दादा उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. न पडलेल्या चेंडूला टाळ्या मिळालेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

प्रशिक्षकांनी वहीत एक शब्द लिहिला. 'ठेवावा.'

तर मित्रांनो, माझी एवढीच हकिकत. बाहेरचे बूट घालून माझ्यावर येऊ नका, पाणी सांडले तर लगेच पुसा, आणि कुठे ओल दिसली तर मोठ्या माणसांना सांगा. ते हसले तरी सांगा. आणखी एक सांगते, ते नीट ऐका. आज तुम्ही नवे आहात. उद्या तुम्ही जुने व्हाल, कोणाचे तरी अंगण व्हाल, आणि एखादा नवखा तुमच्यावर येऊन अडखळेल. तेव्हा ती म्हण ओठांवर येईल. ती तिथेच थांबवा, खाली वाका, आणि आधी स्वतःला ठोकून पाहा.