पायाखालची लाट

पंचाहत्तर साली जहाजावरची खलाशाची नोकरी सोडून सेवकराम लाखांदूरकडच्या आपल्या गावी परतला, पण समुद्र काही त्याचे पाय सोडेना. शेताच्या बांधावर, कोरड्या धुऱ्यावर उभा राहिला तरी जमीन लाटेसारखी डोलायची आणि तो झोकांड्या खायचा. नदीपलीकडच्या विमलाशी त्याचं लग्न ठरलं होतं. गावातल्या भय्याजींना मात्र ती आपल्या लेकासाठी हवी होती. सेवकराम दारूच्या थेंबालाही शिवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी विमलाच्या बापाला ते गोड हसून म्हणाले, "मी काय सांगू जी, तुम्हीच त्याची चाल पाहा ना!"

सोयरीक मोडली. पाण्यावर तेवढं डोकं स्थिर राहतं, म्हणून सेवकरामने नदीवर डोंगा चालवायला घेतला आणि वाट पाहत राहिला.

भय्याजींच्या लेकाच्या साक्षगंधाला, विमलाशी ठरलेल्या साखरपुड्याला, घरचे सगळे आधीच्या खेपेत पलीकडे गेले. मागे एकटे भय्याजी उरले. मधल्या धारेत सेवकराम डोंग्याच्या दोन्ही कडांवर पाय रोवून उभा राहिला आणि डोंगा झुलवू लागला.

"अबे, काहून हालवून राहिला? मले गरगरून राहिलं!"

"मले रोजच गरगरते, भय्याजी. तवा तुम्ही हासून राहिले होते."

पोटातलं सारं ओकेपर्यंत त्याने त्यांना सोडलं नाही.

पलीकडे उतरताच भय्याजी झोकांड्या खात थेट विमलाच्या बापाच्या अंगावर कोसळले. त्याचा चेहरा काळवंडला. "सेवकराम, हे पेऊन आले काय?"

सेवकरामने हातातला बांबू शांतपणे डोंग्यात ठेवला.

"मी काय सांगू जी, तुम्हीच त्यांची चाल पाहा ना!"