श्रावणातला आकडा

नीलाबाईंनी सुनेच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं, गोळ्यांची डबी उचलली आणि दोन्ही वस्तू देवळीत बेलाच्या परडीमागं ठेवून दिल्या.

"आजपून गोळी मी कापती," त्या म्हणाल्या. "तुजी अर्धी कव्हाच अर्धी नसती."

ईश्वरीनं आत्ताच कापलेले दोन तुकडे पाटावर पडले होते आणि ते तराजूत घातले असते तरी काटा हलला नसता. पण मोरीपाशी सासरे, भीमाशंकर अप्पा, चूळ भरत होते, आणि चुळीचं पाणी आजही लालसर पडत होतं. त्या पाण्यापुढं कुणाचंच म्हणणं टिकलं नसतं.

गेल्या डिसेंबरात पुण्याला अप्पांच्या हृदयातली खराब झडप काढून तिच्या जागी धातूची बसवली होती. नेकनूरला परत आल्यावर पहिला महिनाभर ते दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला छातीला कान लावायला सांगत आणि टिकटिक ऐकवत. "घड्याळ बसवलंय, चावी मातर द्यावी लागत न्हाई," असं म्हणत. चावी नव्हती, पण गोळी होती. धातूवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज, जन्मभर. दर महिन्याला बीडला जाऊन रक्त तपासायचं. रक्ताच्या पातळपणाचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर झडपेत गाठ, वर गेला तर रक्तस्राव.

गेल्या सोमवारी तो पाचाला टेकला होता.

डॉक्टरांनी गोळी दोन दिवस बंद ठेवून नंतर दीडवरून अर्धीवर आणली आणि ते म्हणाले, "काहीतरी बदललंय. घरी जाऊन शोधा. येत्या सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही आणि आकडा उतरला नाही, तर औरंगाबादला दाखल करावं लागेल."

घरानं कारण एसटीतच शोधून काढलं. बारावी सायन्स झालेली सून हौसेनं गोळ्या कापते, तिचाच हात चुकला असणार. नवरा रुद्रेशसुद्धा "जरा बघून कापत जा की" एवढं म्हणून दुकानात निघून गेला.

ईश्वरीला राग आला. रडूही आलं, ते तिनं धुणं वाळत घालताना उरकून घेतलं. पण त्याहून जास्त तिला एका प्रश्नानं धरलं होतं. पाच आला कुठून?

दुपारी सासूबाई पडल्यावर तिनं देवळीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि रिकामी घरं मोजली. एकही गोळी इकडची तिकडं नव्हती. पाकिटावरचं कंपनीचं नाव तेच, रंग तोच. मग तिनं बीडच्या तपासणीच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडे लिहिले. जानेवारी दोन पॉइंट सहा. फेब्रुवारी दोन पाच. मार्च दोन आठ. एप्रिल-मे तीन तीन, तीन चार. जूनअखेर परत खाली, दोन सात. जुलै दोन सहा. आणि ऑगस्ट, चार नऊ.

तिला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. घाम जातो, रक्तात काहीतरी होत असेल. पण मग ऑगस्टात कुठलं ऊन? ती कॅलेंडरसमोर उभी राहून एकेक महिना आठवू लागली. जानेवारीत काय होतं? हुरडा. हरभऱ्याची भाजी. अप्पा तर थंडीभर हरभऱ्याच्या भाजीवर जगले होते, सकाळी ताजी आणि रात्री सकाळची. मेमध्ये बाजारात हिरवं पान दिसत नव्हतं, नुसत्या डाळी. जूनच्या पावसावर परसात तांदुळजा उगवला, घोळीची भाजी आली. आणि ऑगस्टात...

ती स्वयंपाकघरात आली. नीलाबाई उठून ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, श्रावणात आपण पालेभाजी करत न्हाई ना?"

"श्रावणात कुणी खातं का? आन् आवंदा तर नवसच हाय." त्यांनी सूप पाखडलं. "पहिल्या सोमवारी कपिलधारला गेलतो, तव्हाच बोलले. घरच्या धन्याला लई आवडतं तेच सोडते म्हणलं, त्याला उदंड आयुष्य दे. कार्तिकी पुनवेच्या यात्रेपस्तोर त्यांच्या ताटात पानाची भाजी न्हाई."

"अप्पांना इचारलं होतं?"

"इचारायचं काय त्यात?"

ओसरीवरून अप्पांचा आवाज आला, "नवस हिचा, उपास माजा."

नीलाबाई हसल्या. ईश्वरीला हसू आलं नाही. तिला कारण सापडलं होतं आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं. ब्लेडचा आळ परतवायला याहून चांगली संधी मिळाली नसती. पण नवऱ्याच्या आयुष्यासाठी कपिलधारच्या पायऱ्या अनवाणी उतरलेल्या बाईला हे तोंडावर कसं सांगायचं? आणि सांगूनही आपला अंदाज चुकला तर?

सोमवारी तिनं ते डॉक्टरांना विचारलं, तेही प्रश्न करून. कॅलेंडरच सोबत नेलं होतं. आकडा तीनवर उतरला होता, पण कारण अजून सापडायचं होतं.

डॉक्टर बराच वेळ पेन्सिलीचे आकडे बघत राहिले.

"पालेभाजीत 'के' नावाचं जीवनसत्त्व असतं," ते म्हणाले. "रक्त गोठायला ते लागतं. गोळी त्यालाच अडवते. भाजी खाणाऱ्या माणसाला बेतून मी दीड गोळी दिली. तुम्ही भाजी काढून घेतलीत, गोळी तेवढीच राहिली. मग रक्त पातळ होणार नाही तर काय?" त्यांनी ऑगस्टच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना धरतो ना, त्याच्याशीही या जीवनसत्त्वाचा काही संबंध असावा, असं अलीकडं वाचतोय. पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. कॅलेंडर कुणाचं?"

"आमच्या सुनेचं," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात टिकटिक ऐकवतानाचा जुना तोरा होता.

नीलाबाईंचं तोंड उतरलं होतं. पदर हातात गोळा करून त्यांनी विचारलं, "म्हंजी माज्या नवसानं रगत आलं व्हय?"

ईश्वरी खाली बघत राहिली.

"बंद करायची नाही आणि एकदम वाढवायचीही नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "रोज एक वाटी. कमी नाही, जास्त नाही. तपासणी दर आठवड्याला, त्याप्रमाणं गोळी हळूहळू वाढवू."

"आन् नवस मोडला तर?"

"त्यातलं मला कळत नाही, बाई."

परतीच्या एसटीत नीलाबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मांजरसुंब्याला कपिलधारचा फाटा आला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि गाडी बरीच पुढं गेली तरी जोडलेलेच ठेवले. मोडावा तर देव कोपेल, पाळावा तर रक्त. दोन्हीकडून भीती एकाच माणसाच्या जिवाची होती. ईश्वरीला त्यांची कणव आली. खरं ठरल्याचा आनंद तिला झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई सगळ्यांच्या आधी परसात होत्या. तांदुळजा खुडून त्यांनी तीनदा धुतला आणि लसणाची फोडणी दिली. वास घरभर गेला. श्रावणात, शिवभक्ताच्या घरात. शेजारच्या दगडाबाईंनी कुडावरून डोकावून पाहिलं, तर नीलाबाईंनी कढई झाकलीसुद्धा नाही.

अप्पांच्या ताटात वाटी भरून भाजी आली. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि सावकाश चावू लागले. मग दुसरा.

कढईत भाजी उरली होती. ईश्वरीनं पळीभर सासूच्या ताटात वाढायला घेतली तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"मला नगं."

"पण डॉक्टरानं तर..."

"त्यांना सांगितलंय. मला कुठं सांगितलंय?" नीलाबाईंनी भाकरीवर वरण ओतून घेतलं. "देवाला बोललेलं कुणीतरी फेडायलाच लागतंय. त्यांच्या वाटचं मी घेतलं."

"कार्तिकी पुनवेपस्तोर?"

"न्हाई. देवाला आदी दिलेलं माघारी घेतलंय, मंग जरा जास्तीचं नगं का द्यायला?" त्या भाकरी कुस्करत म्हणाल्या. "त्यांची गोळी हाय तवर."

अप्पांचा हात ताटातच थांबला. गोळी तर जन्मभराची होती. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती खाली मान घालून जेवत होती. मग त्यांनी वाटीकडं पाहिलं. अर्धी भाजी अजून बाकी होती, आणि ती टाकून चालणार नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वाटीचा तळ दिसेपर्यंत भाजी संपवली.