गुडाखूचं बोट

भनपुरीच्या कडेला सकाळचा उजेड एकदम येत नाही. आधी तो कारखान्यांच्या धुराड्यांमागे बराच वेळ घुटमळतो, मग धुरातून गाळून घेतल्यासारखा मळकट पिवळा होऊन आमच्या भाजीच्या बाडीच्या कुंपणावर उतरतो. तिथून वांग्यांच्या पहिल्या ओळीवर, रात्रभर साचलेल्या काजळीवर, काजळीतल्या दवावर. वांगं हातानं पुसलं की त्याची जांभळी पाठ क्षणभर लखलखते आणि तीत आपलाच चेहरा दिसतो, जरा फुगलेला. मी त्या उजेडाकडे रोज फार वेळ पाहत असे. राज्य नवं होऊन दोन वर्षं झाली होती, रायपूर राजधानी झालं होतं. आमच्या वाट्याला त्यातून जास्तीचे ट्रक आणि त्यांची धूळ तेवढी आली होती.

"यशदीप, वांगे तोडून राहिला का त्याईले ओवाळून राहिला?" बाबांनी बांधावरून विचारलं.

बाबा रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही एकराची बाडी घेतली, आणि रुळांवर ओरडायची सवय वांग्यांवर चालू ठेवली. मी गालाला हात लावला. दाढ, मी म्हणालो. त्यावर बाबांनी शेजारच्या शेतातल्या नत्थूला हाक मारून कळवलं की आपल्या घरी सध्या दोन लेकरं दात काढून राहिले, त्यातलं एक पंचवीस वर्षांचं आहे.

दुसरं लेकरू म्हणजे माझी मुलगी चेतना, अकरा महिन्यांची. तिचा पहिला दात हिरडीखाली अडून बसला होता आणि तिनं जगाचा सूड घ्यायला सुरुवात केली होती. खुरप्याची मूठ, बाबांची चप्पल, नत्थूचा कान, जे हाती येईल ते ती चावत होती. लाळेनं तिचं झबलं दिवसातून चारदा भिजे.

माझी बायको माया दोघांनाही कंटाळली होती. "पोट्टीचा दात येऊन राहिला, तुमचा जाऊन राहिला," ती म्हणाली. "दोघाईच्या मधात मी काहून पिसू? डॉक्टरकडे जा."

चौबे कॉलोनीतल्या दातांच्या दवाखान्यापर्यंत मी दोनदा गेलो होतो आणि दोनदा फाटकावरून परतलो होतो. परक्या माणसापुढे तोंड उघडणं मला बोलण्यासाठीसुद्धा जमत नाही. शिवाय माझ्याकडे नत्थूनं दिलेली डबी होती. गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. इथं लोक तो बोटावर घेऊन दातांना घासतात आणि मग झाडाखाली निवांत बसून राहतात, जणू त्यांचं कुणाशी काही देणंघेणं नाही. माझ्या दाढेवर तेच औषध होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मधे आठवण झाली की.

त्या दिवशी माया संक्रांतीच्या बाजारात गेली होती. चेतना अंगणात रडत होती, आणि मी नुकताच घासून उठलो होतो. मी बोट लुंगीला पुसलं. फार नीट पुसलं नाही. जे मला शांत करतं ते तिलाही करील, असं मनात कुठंतरी होतं. ते बोट तिच्या हिरडीवर दोनदा फिरवलं. ती लगेच गप्प झाली. बाप म्हणून मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो पुढं फार दिवस लाजवत राहिला.

थोड्या वेळानं ती ओकली. मग पुन्हा. तिला घाम फुटला, ओठ पांढरे पडले, आणि तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. माया परतली ती नेमकी त्याच वेळी. नत्थूनं भाजीचा टेम्पो काढला आणि आम्ही सगळे रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून जवळच्या दवाखान्यात पोचलो.

"क्या खाया बच्ची ने?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल वांग्याईवर फवारणी केली साहेब," बाबा म्हणाले. "पान चघळलं असन हिनं."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी पोट धुवायची तयारी सांगितली. नर्सनं आणलेली नळी चेतनाच्या बोटापेक्षा जाड होती. माया तिचे पाय धरून उभी होती.

"गुडाखू," मी म्हणालो. कुणालाच ऐकू गेलं नाही. नर्स नळी घेऊन वाकली. मग मी इतक्या जोरात म्हणालो की बाहेरच्या बाकावरचे सगळे रोगी वळून पाहू लागले.

नळी परत गेली. सलाइन लागलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला शिवी दिली नाही, आणि ते मला फार कठीण गेलं. दुपार कलताना चेतनाच्या गालांवर रंग आला. तिनं डॉक्टरांच्या गळ्यातली स्टेथोस्कोपची नळी धरली आणि कचकन चावली.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मी हे का लावतो, असं त्यांनी विचारलं. तोवर माझ्याशी एक शब्द न बोललेली माया माझ्या आधी म्हणाली, "दाढ दुखते साहेब त्यांची. रात रात झोप नाही येत."

त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, टॉर्च आत धरली आणि चमच्याच्या दांड्यानं काळ्या दाढेवर टकटक केली. नस तो कब की मर चुकी, ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग आणखी जोरात ठोकलं.

"दर्द?"

माया माझ्याकडे पाहत होती. पोरगी तिच्या कुशीत झोपली होती.

"नहीं," मी म्हणालो.

दाढ दिवाळीपासून दुखतच नव्हती.